पाण्याला वाट देणारा माणूस

दर वर्षी १५ सप्टेंबर आला की अभियांत्रिकी महाविद्यालयांत अभियंता दिन साजरा होतो. हारतुरे होतात, भाषणे होतात. आमच्यासारख्या कला शाखेच्या महाविद्यालयात मात्र तो दिवस येतो आणि जातो. सूचनाफलकावर एखादा सुविचार लिहिला जातो, इतकेच. तेव्हा मराठी वाङ्‌मय घेऊन बी. ए. करणाऱ्या मुलाने वार्षिकांकासाठी एका अभियंत्याचे चरित्र का लिहावे, असे मित्रांनी विचारले, ते रास्तच होते. त्याचे उत्तर माझ्याजवळ आहे, पण ते ग्रंथालयात सापडलेले नाही. ते आमच्या गावच्या तळ्यात सापडले.

आमचे गाव पुसद तालुक्यात आहे. गावाच्या वरच्या अंगाला मातीच्या बांधाचे एक तळे आहे. १९७२ च्या दुष्काळात ते झाले. माझी आजी त्या कामावर टोपल्याने माती वाहत होती, आणि बांधावरून जाताना आपली माती कुठे पडली हे दाखवल्याशिवाय ती कधी पुढे गेली नाही. ह्या बांधाच्या एका टोकाला, टेकडीच्या कुशीत, एक रुंद, उतरती नाली आहे. तिचे तोंड बांधाच्या माथ्यापेक्षा बरेच खाली आहे. हाच तळ्याचा सांडवा. तळे भरले की जादा पाणी ह्या नालीतून घसरत खालच्या नाल्याला मिळते. आम्हा पोरांना उन्हाळ्यात ती घसरगुंडी होती, आणि पावसाळ्यात तिच्याकडे जायची बंदी होती. ह्यापलीकडे तिचा काही उपयोग असतो, हे आमच्या ध्यानात कधी आले नाही. खरे सांगायचे तर मोठ्यांच्याही ध्यानात राहिले नव्हते.

रब्बीच्या हरभऱ्याला एक पाणी कमी पडते, ही आमच्या गावाची जुनी खंत. तळे भरते आणि भरल्यावर पाणी सांडव्यातून फुकट वाहून जाते, हे दृश्य शेतकऱ्याच्या डोळ्यांना सोसणारे नव्हे. म्हणून एका वर्षी गावातील चारचौघांनी, त्यांत माझे बाबाही होते, सांडव्याच्या तोंडावर दगड आणि मातीची पोती रचून ते हातभर उंच केले. हातभर पाणी जास्त साठले. सारे खूश झाले. पुढच्या वर्षी पोती तशीच राहिली. नालीत बेशरमाची झुडपे माजली, बाभळी उगवल्या, गाळ साचला. मी सातवीत असताना जुलैच्या एका रात्री असा पाऊस झाला की सकाळी बांध मधोमध फुटलेला होता. तळ्याखालचे आमचे तीन एकर वावर खरडून गेले. पऱ्हाटी तर गेलीच, पण जिच्यात पऱ्हाटी होती ती मातीही गेली आणि खाली मुरूम उघडा पडला. माणूस दगावला नाही हे नशीब. बाबा त्या दिवसापासून तळ्याविषयी बोलत नाहीत.

पुष्कळ दिवस मला वाटत होते की हा केवळ निसर्गाचा कोप. पुढे महाविद्यालयात आल्यावर सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या ह्यांचे चरित्र हाती पडले, आणि त्यात पुण्याजवळच्या खडकवासल्याची हकिकत वाचताना मी चमकलो. आमच्या गावाला जे हवे होते, नेमके तेच ह्या माणसाला हवे होते: धरण न वाढवता जास्त पाणी साठवायचे. आमच्या गावाने ते एका रीतीने केले, त्यांनी दुसऱ्या रीतीने. त्या दोन रीतींतला फरक समजावा म्हणून हे चरित्र लिहीत आहे.

विश्वेश्वरय्यांचा जन्म १५ सप्टेंबर रोजी, आजच्या कर्नाटकातील चिक्कबळ्ळापूरजवळच्या मुद्देनहळ्ळी ह्या लहानशा गावी झाला. १८५७ चा उठाव शमून तेव्हा थोडीच वर्षे झाली होती. घराणे मूळचे आंध्रातल्या मोक्षगुंडम गावचे. नावातला पहिला शब्द त्या गावाचा. वडील श्रीनिवासशास्त्री संस्कृतचे जाणकार होते. घरात विद्या होती, पैसा नव्हता. मुलगा लहान असतानाच वडील वारले. प्राथमिक शिक्षण चिक्कबळ्ळापूरला झाले आणि पुढच्या शिक्षणासाठी मुलगा बंगळूरला मामांच्या आधाराने आला. सेंट्रल कॉलेजात शिकत असताना एका सधन कुटुंबातील मुलांच्या शिकवण्या करून त्याने आपला खर्च भागवला. शिकवण्या करून शिकणारे विद्यार्थी आपल्या महाविद्यालयातही आहेत; त्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

बी. ए. झाल्यावर म्हैसूर सरकारची शिष्यवृत्ती मिळाली आणि हा तरुण पुण्याच्या सायन्स कॉलेजात दाखल झाला. १८८३ साली एल. सी. ई. ह्या अभियांत्रिकीच्या परीक्षेत तो मुंबई इलाख्यात पहिला आला. १८८४ साली मुंबई सरकारच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात सहायक अभियंता म्हणून नेमणूक झाली, ती नाशिकला. तेव्हापासून १९०८ पर्यंत, म्हणजे सुमारे चोवीस वर्षे, त्यांची सेवा मुंबई इलाख्यात झाली आणि तिचा मोठा भाग महाराष्ट्रात गेला. म्हैसूरच्या माणसावर आपला हक्क सांगण्याचा मोह मला नाही. पण पाणी कसे वागते हे ते आपल्या नद्यांवर शिकले, एवढे म्हणायला हरकत नसावी.

सुरुवातीच्या काळात त्यांना खानदेशात पांझरा नदीच्या खोऱ्यात काम मिळाले. एका प्रवाहाखालून नळ घालून पाणी पलीकडे न्यायचे, अशी ती योजना होती. पावसाळा, पूर आणि वाळू ह्यांनी काम वारंवार अडत होते. तरी त्यांनी ते पुरे केले. ह्याच पांझरेच्या खोऱ्यात शेतकऱ्यांची जुनी फड पद्धत आहे. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट आणि पाटाच्या पाण्यावर साऱ्या गावाची सामाईक पिके, अशी तिची रचना. त्या पाटांना जादा पाणी पुन्हा नदीत सोडण्याची वाटही ठेवलेली असे. पाणी घेण्याची वाट आणि पाणी सोडण्याची वाट ह्या दोन्ही एकत्रच आखायच्या असतात, हे तिथल्या अक्षरशत्रू शेतकऱ्याला शतकांपूर्वी कळले होते. आम्हा शिकलेल्यांना ते विसरायला एक पिढी पुरली.

पुढे १८९४-९५ मध्ये त्यांना सिंधमधील सक्कर येथे पाठवण्यात आले. सिंधू नदीचे पाणी गढूळ, आणि ते गाळण्याची मोठी यंत्रणा उभारण्याइतका पैसा नगरपालिकेकडे नाही. त्यांनी नदीच्या पात्रातच विहीर घेऊन वाळूतून आपोआप गाळले जाणारे पाणी उचलण्याची युक्ती केली. नदीनेच नदीचे पाणी गाळून द्यावे, असा हा प्रकार! त्यांच्या साऱ्या कामांत ही एक खूण दिसते. पाण्याशी झुंज घेण्यापेक्षा पाण्याचा स्वभाव ओळखून त्यालाच कामाला लावायचे.

ह्याच काळात पुण्यात त्यांचा न्यायमूर्ती रानडे आणि गोपाळ कृष्ण गोखले ह्यांच्याशी स्नेह जुळला. १८९८ साली त्यांनी जपानचा प्रवास केला. लहानसा देश शिक्षण आणि उद्योग ह्यांच्या बळावर कसा वर येतो, हे त्यांनी तेथे डोळसपणे पाहिले. परतल्यावर १८९९ साली पुण्याला पाटबंधाऱ्यांचे काम त्यांच्याकडे आले. नीरा कालव्यावर त्यांनी ब्लॉक पद्धत सुचवली. कालव्याच्या वरच्या अंगाच्या शेतकऱ्याने उसासाठी मनमुराद पाणी घ्यावे आणि टोकाच्या शेतकऱ्याने कोरड्या पाटाकडे पाहत बसावे, हे चित्र तेव्हाही होते. क्षेत्राचे गट पाडून, पिकांची पाळी ठरवून, अधिक गावांना पाणी पोचवायचे, हा त्या पद्धतीचा गाभा. प्रथम शेतकऱ्यांनी विरोध केला. त्यांच्याशी बोलून, त्यांना पटवून ती अमलात आणावी लागली.

आता खडकवासल्याकडे वळतो. मुठा नदीवरचे हे दगडी धरण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधले गेले. ज्या कर्नल फाईफ ह्यांनी ते आखले त्यांच्या नावाने जलाशयाला लेक फाईफ म्हणत. पुणे शहर, लष्करी छावणी आणि कालव्याखालची शेती ह्या सर्वांची तहान ह्या एका जलाशयावर. मागणी वाढत होती, साठा तेवढाच होता. दर पावसाळ्यात सांडव्याच्या माथ्यावरून सहा ते आठ फूट जाडीचा पाण्याचा पडदा वाहून जाई, आणि पावसाळा सरल्यावर तेच पाणी कमी पडे. आमच्या हरभऱ्याचीच ही मोठी आवृत्ती म्हणावयाची.

येथे थोडे शास्त्र सांगणे भाग आहे. मी कला शाखेचा, म्हणून चुकत असेन तर विज्ञानाच्या प्राध्यापकांनी कान धरावा. धरणाला सांडवा कशासाठी? मातीच्या बांधावरून पाणी वाहू लागले की ते माती घेऊन जाते. जिथून माती गेली तिथे खाच पडते. खाचेत अधिक पाणी शिरते आणि अधिक माती नेते. काही तासांत बांध उरत नाही. दगडी धरण थोडे अधिक सोसते, पण पायथ्याशी कोसळणारे पाणी त्याचाही पाया उकरते. म्हणून पाण्यासाठी वेगळी वाट ठेवतात, आणि तिचे तोंड धरणाच्या माथ्यापेक्षा खाली ठेवतात. दोहोंमधली जी रिकामी उंची असते ती वाया गेलेली जागा नव्हे. ती पुराची राखीव जागा असते. माथ्यावरून पाणी घसरताना भिंतीपासून सुटू नये, म्हणून मोठ्या धरणांत सांडव्याला पाण्याच्या धारेच्या पोटाला नीट बसेल असे वळण देतात. मातीच्या धरणांत सांडवा बहुधा बाजूच्या खडकात काढतात आणि पुढे उतरती नाली करतात. उतारावर पाण्याचा वेग भयंकर वाढतो. तसेच ते नदीत सोडले तर तळ खणून काढील. म्हणून खाली एक कुंड करतात. त्यात पाणी स्वतःवरच उसळते, घुसळते, दमते आणि मग शहाण्यासारखे नदीला मिळते.

आणखी एक हिशेब आहे, तो मला फार महत्त्वाचा वाटतो. सांडव्यावरच्या पाण्याची जाडी दुप्पट झाली तर वाहून जाणारे पाणी दुप्पट होत नाही, पावणेतीनपटीच्या आसपास होते. जाडी चौपट झाली तर प्रवाह आठपट होतो. म्हणजे पूर वाढू लागला की सांडवा हाताबाहेर न जाता झपाट्याने अधिक पाणी बाहेर टाकू लागतो. पण हे केव्हा? त्याच्या माथ्यावर तेवढी उंची मोकळी ठेवलेली असेल तेव्हा. आमच्या गावाने पोती रचून नेमकी तीच उंची खाल्ली होती. हातभर पाणी मिळवले, आणि त्याच्या बदल्यात पुराला बाहेर काढण्याची किती ताकद गमावली ह्याचा हिशेब कोणीच केला नव्हता.

विश्वेश्वरय्यांपुढे पेच हाच होता. सांडव्याचा माथा कायमचा उंच करावा तर पुरात धरणाला धोका. न करावा तर पाणी वाया. ह्यावर त्यांनी १९०१ ते १९०३ ह्या काळात स्वयंचलित दरवाजांची योजना केली. सांडव्याच्या मूळ माथ्यावर दरवाजे बसवायचे. ते बंद असताना सुमारे आठ फूट पाणी जास्त अडते. त्यामुळे जलाशयाचा साठा सुमारे पंचवीस टक्के वाढला, आणि धरणाची भिंत वाढवावी लागली नाही. पाणी ठरलेल्या पातळीपर्यंत चढले की दरवाजे आपले आपण उघडतात, आणि पूर ओसरला की आपले आपण बंद होतात. त्यांचे तत्त्व तराजूचे आहे. दरवाजांना साखळीने जड वजने जोडलेली असतात आणि दोन्ही बाजू जवळजवळ समतोल असतात. तोल सांभाळणारे वजन एका कुंडात लोंबते. तळे काठोकाठ भरले की जादा पाणी त्या कुंडात शिरते. पाण्यात बुडालेली वस्तू हलकी होते, हे आपण शाळेत शिकलो. घागर विहिरीत असेपर्यंत हलकी लागते, हे आपल्या आया-बहिणी शाळेविना जाणतात. वजन हलके झाले की तोल बदलतो आणि दरवाजे उघडतात. कुंडातले पाणी ओसरले की वजन पुन्हा जड होते आणि दरवाजे मिटतात.

ह्यातले मर्म पाहा. पूर रात्री येतो, वादळात येतो, पहारेकरी झोपलेला असताना येतो. म्हणून दरवाजा उघडण्याची जबाबदारी त्यांनी कोणा माणसाच्या जागेपणावर न ठेवता खुद्द पुरावर ठेवली. जो धोका आहे त्यानेच येऊन दार उघडावे! ह्या दरवाजांचे पेटंट त्यांनी घेतले. पण आपण सरकारी नोकर असताना आपल्याच कामाच्या जागी बसवलेल्या वस्तूचे मानधन घेणे त्यांना योग्य वाटले नाही, आणि त्यांनी ते नाकारले. पुढे ग्वाल्हेर संस्थानात आणि म्हैसूरच्या कृष्णराजसागरावरही असे दरवाजे वापरले गेले.

१९०६ साली एडन बंदराच्या पाणीपुरवठ्याचा व सांडपाण्याचा अभ्यास करण्यासाठी सरकारने त्यांना धाडले. नावलौकिक झाला, अनेक वरिष्ठांना ओलांडून बढत्या मिळाल्या, आणि त्याबरोबर कुजबुजही झाली. पण त्या काळी मुख्य अभियंत्याची खुर्ची हिंदी माणसाला मिळणे जवळजवळ अशक्य होते. हे ओळखून १९०८ साली त्यांनी मुदतीआधीच नोकरी सोडली आणि परदेश प्रवासास निघाले.

त्याच वर्षी २८ सप्टेंबरला हैदराबादेत मुसी नदीला महापूर आला. हजारो माणसे बुडाली, शहराचा मोठा भाग वाहून गेला. निजाम सरकारने विश्वेश्वरय्यांना पाचारण केले. त्यांनी आल्यावर केवळ शहर पाहिले नाही, नदीच्या वरच्या अंगाचे सारे खोरे तपासले. त्यांना आढळले की खोऱ्यात सुमारे आठशे लहानमोठे तलाव होते आणि त्यांपैकी दोनशेहून अधिक त्या पावसात फुटले होते. एक तलाव फुटला की त्याचे पाणी खालच्या तलावावर येते, तो फुटला की दोहोंचे त्याच्या खालच्यावर. हे वाचताना मी पुस्तक मिटून ठेवले होते. आमचे तळे फुटले तेव्हा नुकसान आमच्या वावरापुरते थांबले, ते खाली दुसरे तळे नव्हते म्हणून. त्यांच्या सूचनेप्रमाणे पुढे हैदराबादच्या वर मुसीवर उस्मानसागर आणि तिची उपनदी ईसी हिच्यावर हिमायतसागर असे दोन मोठे जलाशय झाले. पूर अडवायचा आणि शहराला पाणीही द्यायचे, असे त्यांचे दुहेरी काम.

१९०९ च्या अखेरीस ते म्हैसूरचे मुख्य अभियंता झाले. कावेरीवर कन्नंबाडी येथे मोठे धरण बांधण्याची योजना त्यांनी मांडली. महाराज चौथे कृष्णराज वाडियार ह्यांनी ती मंजूर केली आणि १९११ साली काम सुरू झाले. मद्रास सरकारने प्रथम सुमारे ८० फूट उंचीलाच संमती दिली असताना त्यांनी पाया मात्र पुढे १२४ फुटांपर्यंत जाता येईल एवढा रुंद घातला. वाद लवादाकडे गेला आणि शेवटी १९२४ च्या कराराने मिटला. चुना आणि विटांची भुकटी म्हणजे सुर्खी ह्यांच्या बांधकामाने उभे राहिलेले हे कृष्णराजसागर धरण पुढे मंड्याच्या कोरड्या मुलखाला हिरवे करून गेले. परंतु जुने कन्नंबाडी आणि आणखी अनेक गावे पाण्याखाली गेली, हेही सांगितले पाहिजे. आपल्या जिल्ह्यात इसापूर आणि बेंबळा ह्या धरणांखाली ज्यांची घरे गेली, त्यांची मुले आपल्याच वर्गात बसतात. धरणाचा इतिहास सांगताना त्यांचे बाक रिकामे आहेत असे समजून चालणार नाही.

१९१२ ते १९१८ ते म्हैसूरचे दिवाण होते. म्हैसूर बँक, म्हैसूर विद्यापीठ, बंगळूरचे अभियांत्रिकी महाविद्यालय, कन्नड साहित्य परिषद ह्या संस्था ह्याच सहा वर्षांतल्या. भद्रावतीच्या लोखंड कारखान्याची घडण आणि पुढे त्याचे व्यवस्थापनही त्यांनी पाहिले. माणूस कामाचा किती असावा, ह्याला मर्यादाच नाही!

मात्र थोरांचे चरित्र म्हणजे आरती नव्हे. १९१८ साली म्हैसूरमध्ये मागासलेल्या समाजांना सरकारी नोकऱ्यांत वाटा मिळावा म्हणून मिलर समिती नेमण्यात आली. विश्वेश्वरय्यांचा त्या धोरणाला विरोध होता. गुणवत्ता हाच निकष असावा, शिक्षण वाढवावे म्हणजे प्रश्न आपोआप सुटेल, असे त्यांचे मत. हा मतभेद वाढून त्यांनी दिवाणपद सोडले. येथे मी त्यांच्याशी नम्रपणे असहमत आहे. नीरा कालव्यावर ज्यांनी ओळखले की वरच्याने आपणहून पाणी सोडल्याने टोकाच्या शेताला ते पोचत नाही, त्यासाठी पाळी ठरवून द्यावी लागते, त्यांनाच समाजाच्या कालव्यात तीच गोष्ट दिसू नये, ह्याचे नवल वाटते. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिला. ती पायरी मला आपोआप मिळालेली नाही. कोणीतरी पाळी ठरवून दिली म्हणून मिळाली. त्यांच्या मोठेपणाला ह्याने बाधा येत नाही; पण सांडव्याप्रमाणे माणसालाही आपल्या भिंतीची मर्यादा असते, एवढे ह्यातून कळते.

पदावरून उतरल्यावरही ते थांबले नाहीत. १९२० साली हिंदुस्थानच्या पुनर्रचनेवर आणि १९३४ साली नियोजित अर्थव्यवस्थेवर त्यांनी ग्रंथ लिहिले. पंचवार्षिक योजना सुरू होण्याच्या कितीतरी आधी देशाचा दहा वर्षांचा आराखडा मांडणारा हा माणूस. १९५१ साली त्यांच्या आठवणी प्रसिद्ध झाल्या. त्यांत घरगुती गोष्टी थोड्या आणि कामाच्या गोष्टी फार आहेत. त्यांच्या वक्तशीरपणाविषयी, मेणबत्त्यांविषयी अनेक ऐकीव कथा सांगतात. त्या मी येथे देत नाही. झालेली कामेच पुरेशी बोलकी आहेत. १९५५ साली त्यांना भारतरत्न देण्यात आले.

आयुष्याच्या अगदी शेवटी एक घटना घडली. १२ जुलै १९६१ रोजी पुण्याच्या वर आंबी नदीवरचे, काम अपुरे असलेले पानशेतचे मातीचे धरण फुटले. तो लोंढा खाली खडकवासल्यावर आदळला आणि ज्या धरणावर साठ वर्षांपूर्वी तरुण विश्वेश्वरय्यांनी दरवाजे बसवले होते, ते धरणही त्याच दिवशी फुटले. पुण्याचे नदीकाठचे पेठांपेठांचे भाग वाहून गेले. त्यांच्या दरवाजांचा ह्यात दोष नव्हता. एक अख्खे धरण अंगावर चालून यावे, हा पूर कोणत्याच सांडव्याच्या हिशेबात नसतो. ज्याने मुसीच्या खोऱ्यात वरचा तलाव खालच्याला कसा बुडवतो हे दाखवले होते, त्याच्याच खडकवासल्यावर अर्ध्या शतकानंतर तो धडा पुन्हा गिरवला गेला. तेव्हा ते बंगळूरला होते, वय शंभराच्या घरात. एप्रिल १९६२ मध्ये, शंभरी ओलांडून, त्यांचे देहावसान झाले. खडकवासल्याचे धरण पुढे पुन्हा बांधण्यात आले आणि आजही ते पुण्याला पाणी देते.

हे सारे वाचून झाल्यावर गेल्या पावसाळ्यात मी बाबांना घेऊन पुसदजवळच्या पूस धरणावर गेलो. धरण भरले होते आणि सांडव्यावरून पाणी वाहत होते. लोक दुरून मौज बघत होते. बाबा बराच वेळ त्या पांढऱ्या पाण्याकडे पाहत उभे राहिले. मी त्यांना खडकवासल्याची गोष्ट सांगितली. साठवण्याची इच्छा चूक नव्हती, दार न ठेवणे चूक होते, हेही सांगितले. ते काही बोलले नाहीत. घरी आल्यावर मात्र त्यांनी कुऱ्हाड घेतली आणि दुसऱ्या दिवशी एकटेच तळ्यावर जाऊन सांडव्यातली एक बाभूळ तोडून आले.

आमचे तळे नंतर दुरुस्त झाले आहे. पण सांडव्याची नाली पुन्हा बेशरमाने भरली आहे, तळाला गाळ आहे, आणि तोंडाशी कोणीतरी पुन्हा चार दगड लावलेले मी पाहिले आहेत. आपल्या जिल्ह्यात अशी तळी किती तरी गावांत आहेत. जुलै २०२३ मध्ये महागाव तालुक्यातील आनंदनगरच्या लोकांना पुरातून सोडवण्यासाठी हेलिकॉप्टर बोलवावे लागले, हे आपण सर्वांनी पाहिले. कमी पावसाच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आपल्या मुलखाला पाणी अडवण्याची सवय लागली, ती चांगलीच आहे. पाण्याला वाट देण्याची सवय मात्र अजून लागायची आहे.

दर हिवाळ्यात आपले राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर कुठल्या ना कुठल्या गावी जाते. आपण रस्ते झाडतो, शोषखड्डे खणतो, रात्री पथनाट्य करतो. माझी प्राध्यापकांना आणि मित्रांना विनंती आहे की ह्या वर्षी शिबिर आमच्या गावी न्यावे आणि सात दिवसांत तो एक सांडवा मोकळा करावा. त्याला पेटंट लागत नाही, दरवाजे लागत नाहीत. विळे, कुदळी, फावडी आणि पन्नास जोड हात लागतात. बाबा म्हणे जेवणाची व्यवस्था करतील. विश्वेश्वरय्यांच्या पुतळ्याला हार घालण्यापेक्षा हे स्मरण अधिक खरे ठरेल, आणि आजीने टोपल्याने वाहिलेली माती आणखी काही वर्षे जागेवर राहील.